ली हुआच्या नावाने

दरवर्षी ८ जूनला दुपारी तीन वाजता चीनमध्ये गाओकाओचा इंग्रजीचा पेपर सुरू होतो आणि पावणेतीननंतर एकाही उमेदवाराला परीक्षा केंद्रात घेतले जात नाही. महाविद्यालयीन प्रवेशाच्या या राष्ट्रीय परीक्षेत इतर विषयांना पेपर सुरू झाल्यावरही पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर खपवून घेतात. परदेशी भाषेच्या पेपराला मात्र पंधरा मिनिटे आधीच दार लागते. कारण साधे आहे. पेपराची सुरुवात श्रवणाने होते, ध्वनिमुद्रित संवाद सगळ्यांना एकाच वेळी ऐकवले जातात आणि त्यातले पहिले पाच तर एकदाच. त्या क्षणी कोणी दार उघडून आत आले, बाक सरकवले, तर शेजारच्या मुलाचे जे वाक्य हुकले ते त्याला पुन्हा ऐकायला मिळत नाही. २०२४ मध्ये गाओकाओसाठी १ कोटी ३४ लाखांहून अधिक मुलांनी नोंदणी केली होती. एवढ्या मुलांना सारखीच शांतता मिळावी म्हणून परीक्षेच्या दिवसांत केंद्रांभोवतीची बांधकामे थांबवली जातात आणि वाहनांना हॉर्न वाजवू नका म्हणून सांगितले जाते.

मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते आणि बोर्डाच्या उत्तरपत्रिका तपासते. गाओकाओची प्रश्नपत्रिका परीक्षा संपली की लवकरच सर्वांना वाचायला मिळते. जून महिन्यात, आपल्याकडे अकरावीच्या प्रवेशांची धावपळ चालू असताना, ती शांतपणे वाचून काढायची हा माझा काही वर्षांचा नेम आहे. कुतूहलापोटी सुरू झालेले हे वाचन पुढे माझ्या कामाचाच भाग बनले, कारण ज्या प्रश्नाशी मी इथे तपासणीच्या टेबलावर झुंजते तोच तिथे कितीतरी मोठ्या आकारात उभा असतो. परीक्षा न्याय्य व्हावी म्हणून आपण मुलाची सगळी ओळख झाकून टाकतो. त्याचे नाव, त्याचे गाव, त्याची शाळा, शक्य झाले तर त्याचे अक्षर आणि त्याचा आवाजही. भाषा मात्र नेमकी याच गोष्टींतून बोलत असते. मग मूल पूर्ण झाकल्यावर त्याच्या भाषेतले काय मोजायचे उरते?

आज बहुतेक प्रांतांत लागू असलेल्या राष्ट्रीय पद्धतीच्या पेपरात १५० गुण असतात, म्हणजे चिनी भाषा आणि गणित यांच्याइतकेच, आणि वेळ दोन तास. श्रवणाला ३०, वाचनाला ५०, उताऱ्यातल्या गाळलेल्या जागांना ३० आणि लेखनाला ४०. वाचनातल्या एका उताऱ्यातून पाच वाक्ये काढून घेतलेली असतात आणि समोरच्या सात वाक्यांतून योग्य ती पाच निवडून परत बसवायची असतात. हा प्रश्न मला फार आवडतो. व्याकरणाचा एकही नियम न विचारता तो परिच्छेदाची वीण मुलाला कळली आहे का हे पाहतो, आणि अंदाजाने टिकमार्क करणाऱ्याला सहजासहजी गुण मिळू देत नाही.

इंग्रजीला हे स्थान मिळाले ते टप्प्याटप्प्याने. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात बंद पडलेली ही परीक्षा १९७७ च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली तेव्हा सुमारे ५७ लाख उमेदवार बसले होते आणि परदेशी भाषेचा पेपर फक्त भाषेच्या अभ्यासक्रमाला अर्ज करणाऱ्यांसाठी होता. त्यानंतर त्या पेपरातल्या गुणांचा काही हिस्सा एकूण गुणांत धरायला सुरुवात झाली. १९७९ मध्ये १० टक्के, मग ३०, ५०, ७०, आणि १९८३ पासून पूर्ण १००. खेड्यापाड्यांत इंग्रजीचा शिक्षकच नव्हता, म्हणून ही सवलत होती. न्यू ओरिएंटल या शिकवणी संस्थेचे संस्थापक यू मिनहोंग आपल्या पहिल्या प्रयत्नाविषयी नेहमी सांगतात की १९७८ मध्ये त्यांना इंग्रजीत ३३ गुण पडले होते. दोनदा अपयश पचवून ते १९८० मध्ये पेकिंग विद्यापीठात इंग्रजी शिकायला पोहोचले. त्या पिढीच्या दृष्टीने हा पेपर म्हणजे गाव आणि विद्यापीठ यांच्यामधला उंबरठा होता, आणि दरवर्षी त्याची उंची वाढवली जात होती.

१९८५ मध्ये ग्वांगडोंग प्रांतात एक वेगळा प्रयोग झाला. ग्वांगझौमधील परदेशी भाषा संस्थेतले भाषाशास्त्रज्ञ ग्वे शिचुन आणि त्यांचे सहकारी यांनी वस्तुनिष्ठ, प्रमाणित स्वरूपाची नवी इंग्रजी परीक्षा तयार केली आणि पुढे तीच देशभर पसरली. आज आपण बहुपर्यायी प्रश्नांना नावे ठेवतो, पण त्या काळी ती सुधारणा होती. परीक्षकाच्या मर्जीवर गुण ठरू नयेत, लाखो उत्तरपत्रिका यंत्राने तपासता याव्यात, आणि वर्गात चालणारे व्याकरणाचे पाठांतर मागे पडून भाषेचा वापर पुढे यावा, असा त्यामागचा हेतू होता. जे परीक्षेत विचारले जाते तेच वर्गात शिकवले जाते हे ठाऊक असलेल्या माणसांनी परीक्षाच बदलून वर्ग बदलायचे ठरवले होते.

वर्ग बदलले, पण हव्या त्या दिशेने नव्हे. छी लूशिया या चिनी संशोधिकेने या शतकाच्या सुरुवातीला प्रश्नपत्रिका काढणारे, शिक्षक आणि विद्यार्थी या तिघांचेही म्हणणे शेजारी शेजारी ठेवून पाहिले. लेखनाच्या प्रश्नात पत्र कोण कोणाला आणि कशासाठी लिहीत आहे याचे भान मुलांनी ठेवावे, अशी प्रश्न काढणाऱ्यांची अपेक्षा होती. शिक्षक आणि मुले यांनी मात्र सराव केला तो मुद्दे सुटू न देण्याचा, चुका न करण्याचा आणि स्वच्छ अक्षराचा. पत्र ज्याला लिहायचे तो मित्र कोणाच्याच खिजगणतीत नव्हता. सगळे जण परीक्षकाला लिहीत होते. हे वाचताना मला आपल्याकडच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आठवले. ज्या मुलांनी आयुष्यात कोणाला पत्र पाठवलेले नाही त्यांनी संपादकांना लिहिलेली शेकडो पत्रे मी तपासली आहेत, आणि त्यांतल्या फारच थोड्या पत्रांना संपादक नावाचे माणूस दिसलेले असते.

चीनमध्ये ही पत्रे लिहिणाऱ्याचे नाव ठरलेले आहे. तो ली हुआ. १९९० च्या दशकापासून प्रश्नपत्रिकेत वाक्य येते की समजा, तुम्ही ली हुआ आहात. उत्तरपत्रिकेत खरे नाव आले तर ओळख फुटेल, म्हणून सर्वांना एकच नाव. आपल्याकडे ‘अ. ब. क.’ लिहायला सांगतात त्यामागेही हेच कारण आहे. पण अ. ब. क. ला काही आयुष्य नसते, आणि ली हुआला एवढ्या वर्षांत ते आले आहे. २०१७ च्या एका प्रश्नपत्रिकेत तो चिनी शिकणाऱ्या परदेशी मित्राला पुढच्या तासाला तांग काळातल्या कविता घेणार असल्याचे कळवतो. त्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत तो आपल्या परदेशी शिक्षकांना कागदी कातरकामाच्या प्रदर्शनाला बोलावतो. २०१८ मध्ये टेरी नावाचा मित्र एका चिनी मित्राच्या घरी जेवायला जाणार असतो, तेव्हा किती वाजता पोहोचावे, भेट काय न्यावी आणि जेवताना कसे वागावे हे तो टेरीला समजावून सांगतो. २०१९ मध्ये उन्हाळी वर्गासाठी लंडनला गेलेला ली हुआ तिथल्या कलादालनात चिनी चित्रांच्या प्रदर्शनासाठी स्वयंसेवक म्हणून अर्ज करतो.

हा मुलगा मला मनापासून आवडतो. तो मदतीला तत्पर आहे, विनयशील आहे, कोणाचे मन मोडत नाही. पण त्याची पत्रे ओळीने वाचली की ध्यानात येते की तो नेहमी यजमान तरी असतो किंवा आपल्या देशाचा प्रतिनिधी तरी. त्याला कधी स्वतःचे काही सांगायचे नसते. आईशी भांडण झाले, रात्री झोप येत नाही, गणित जमत नाही, असे तो कोणत्याही मित्राला लिहीत नाही. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाकडे सांगण्यासारखे पहिले काय असेल तर ते हेच असते, आणि ऐंशी शब्दांच्या त्या पत्रात नेमके तेवढेच येत नाही. तरीही ही रचना बदला असे मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. शांघायच्या मुलीने स्वतःचे अनुभव लिहिले आणि गान्सूच्या डोंगराळ गावातल्या मुलाने स्वतःचे लिहिले, तर परीक्षकाला दोघांचे घर दिसेल, आणि घर दिसल्यावर गुण देणारा हात पूर्वीसारखा राहील याची खात्री परीक्षक म्हणून मी देणार नाही.

झाकण्याचा हा नियम अक्षरापर्यंत कसा पोहोचला ते पाहण्याजोगे आहे. उत्तरपत्रिका स्कॅन होऊन संगणकाच्या पडद्यावर तपासल्या जातात. एक लेखन दोन परीक्षक स्वतंत्रपणे पाहतात, आणि दोघांच्या गुणांत ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त फरक पडला तर ते तिसऱ्याकडे जाते. पडद्यावर भराभर जाणाऱ्या अशा लेखनात परीक्षकाच्या डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून हेबेई प्रांतातल्या हंगशुई येथील प्रसिद्ध शाळेच्या मुलांनी इंग्रजीचे एक खास वळण गिरवले, आणि आता ते देशभर त्या गावाच्या नावानेच ओळखले जाते. अक्षरे गोलसर, सरळ उभी, सुटी, एकसारख्या उंचीची, दोन शब्दांमधली जागाही मोजून ठेवलेली. पान छापखान्यातून आल्यासारखे दिसते. त्यासाठी सरावाच्या वह्या विकत मिळतात. मी त्याचे नमुने पाहिले तेव्हा त्यामागच्या कष्टांविषयी आदर वाटला आणि वाईटही वाटले. हाताच्या वळणातून जे थोडे माणूस कागदावर उतरले असते तेही गिरवून गिरवून काढून टाकले होते, आणि हे कोणी लादले नव्हते. मुलांनीच परीक्षेचा स्वभाव बरोबर ओळखला होता.

या पार्श्वभूमीवर २०१६ च्या ऑक्टोबरात झेजियांग प्रांताच्या प्रश्नपत्रिकेत आलेला एक प्रश्न मला मोलाचा वाटतो. साडेतीनशे शब्दांच्या आसपासची एक अपुरी गोष्ट द्यायची, पुढच्या दोन परिच्छेदांची पहिली वाक्ये द्यायची, आणि मुलांनी दीडशे शब्दांत ती पूर्ण करायची. त्या वेळच्या गोष्टीत जेन आणि तिचा नवरा टॉम जंगलातल्या तळ्याकाठी मुक्काम करायला निघालेले असतात. वाटेत त्यांचे भांडण होते, रागाच्या भरात ती एकटीच चालत निघते आणि रस्ता चुकते. डोक्यावरून हेलिकॉप्टर जाते, पण तिला कोणी पाहत नाही. पुढच्या परिच्छेदाचे पहिले वाक्य असे की आणखी हेलिकॉप्टर आलीच नाहीत आणि पुन्हा अंधार पडू लागला होता. इथून पुढे मुलाने लिहायचे. आता टॉमवर राग धरायचा की स्वतःवर, घाबरायचे की झोप काढायची, हे कोणत्याही गाईडात सापडणार नाही.

ग्वांगझौच्याच परदेशी भाषा विद्यापीठातले वांग चुमिंग या प्रकाराचा पुरस्कार अनेक वर्षे करत आले आहेत. त्यांचे म्हणणे असे की माणूस भाषा शिकतो तो दुसऱ्याच्या बोलण्याला जोडून पुढे बोलत. समोरच्याचे वाक्य ऐकायचे, त्याची धाटणी पकडायची आणि त्यातच आपले म्हणणे ओवायचे. गोष्ट पुढे नेणाऱ्या मुलालाही हेच करावे लागते. दिलेल्या लेखकाची शब्दकळा उसनी घ्यावी लागते आणि तरी पुढची घटना स्वतःची शोधावी लागते. ली हुआच्या मुखवट्याआडून मूल थोडे तरी बाहेर येते ते इथे. हा प्रश्न आता राष्ट्रीय पद्धतीच्या पेपरात २५ गुणांना आहे आणि लेखनाचा मोठा हिस्सा त्याने व्यापला आहे.

अर्थात त्याचेही साचे तयार झाले. भीतीसाठी दहा वाक्ये, आनंदासाठी दहा, अश्रूंसाठी दहा, शेवटी सोनेरी सूर्यप्रकाश आणि सर्वांना उमगलेला धडा, अशा याद्या पाठ केल्या जातात. हृदय धडधडणे, गालावरून आसवे ओघळणे, ओठांवर हसू उमटणे, सगळे तयार. मला याचा राग येत नाही. एका दुपारच्या दोन तासांवर पुढची सगळी वाट अवलंबून असेल तर कोणतेही शहाणे मूल बरोबर शिदोरी घेऊनच निघेल. पण परीक्षकांनी अशा ठोकळेबाज वाक्यांना गुण देणे थांबवले पाहिजे, आणि ते करायला धैर्य लागते, कारण ठोकळेबाज वाक्यात व्याकरणाची चूक नसते आणि मुलाच्या स्वतःच्या वाक्यात बहुधा ती असते.

झेजियांगमध्येच दोन वर्षांनी जे घडले ते परीक्षेचे काम करणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावे असे आहे. तिथे परदेशी भाषेची परीक्षा वर्षातून दोनदा देता येते आणि चांगले गुण धरले जातात. एकाच दुपारवर सगळे अवलंबून राहू नये म्हणून केलेली ही व्यवस्था माणुसकीची आहे. मात्र दोन प्रश्नपत्रिका सारख्या कठीण आहेत हे कोण ठरवणार? ज्या परीक्षांत प्रश्नांची गुप्त पेढी असते आणि प्रश्न आधी थोड्या मुलांवर तपासून घेता येतात, त्यांना दोन पेपर एका मापावर आणता येतात. गाओकाओचा पेपर परीक्षेआधी कोणालाही दाखवता येत नाही आणि परीक्षेनंतर तो सर्वांचाच होतो. २०१८ च्या नोव्हेंबरात इंग्रजीचा पेपर आदल्या वर्षीपेक्षा कठीण निघाला, तेव्हा अधिकाऱ्यांनी वाचन आणि भाषेचा वापर (गाळलेल्या जागा) या विभागांतल्या काही अवघड प्रश्नांच्या गुणांना वाढीव भार दिला. २४ नोव्हेंबरला निकाल लागला आणि मुलांच्या, पालकांच्या लगेच ध्यानात आले की आपला हिशोब आणि हातात पडलेले गुण यांचा मेळ बसत नाही. मोठा असंतोष उसळला, प्रांतिक सरकारने चौकशी केली, आणि ५ डिसेंबरला हा निर्णय चुकीचा होता असे जाहीर करून वाढीव भार रद्द करण्यात आला व मूळ गुण परत देण्यात आले.

या प्रकरणात मी मुलांच्या बाजूची आहे. गुणदानाचा नियम परीक्षेनंतर बदलता येत नाही, मग हेतू कितीही शुद्ध असो. पण त्या अधिकाऱ्यांपुढची अडचण खोटी नव्हती, आणि निर्णय मागे घेतल्याने ती सुटलीही नाही. मूळ गुण परत मिळाले याचा अर्थ एवढाच की कठीण पेपर सोडवलेली मुले कठीण पेपराचेच गुण घेऊन पुढे गेली. लोकांना जो न्याय पटतो तो डोळ्यांनी दिसणारा आणि बोटांवर मोजता येणारा असावा लागतो. सूक्ष्म गणिताने साधलेला न्याय अधिक बरोबर असला तरी जो दाखवता येत नाही त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. तोंडी परीक्षा देशभर का पोहोचली नाही, याचेही एक कारण मला इथेच दिसते.

बोलण्याची परीक्षा काही ठिकाणी आहे. ग्वांगडोंगमध्ये २०११ पासून संगणकावर श्रवण आणि संभाषण अशी एकत्र परीक्षा होते. मुले हेडफोन लावून बसतात, एक चित्रफीत पाहतात आणि तिच्यातल्या निवेदकाच्या लयीत तोच मजकूर वाचतात. मग एका पात्राची भूमिका घेऊन प्रश्न विचारतात आणि उत्तरे देतात, शेवटी ऐकलेली गोष्ट आपल्या शब्दांत पुन्हा सांगतात. बीजिंगमध्ये २०२१ पासून श्रवण आणि संभाषण मिळून १५० पैकी ५० गुणांना आहे, शांघायमध्ये १० गुणांना. इतर बहुसंख्य प्रांतांत मात्र एकही वाक्य न बोलता इंग्रजीत पूर्ण गुण मिळवण्याची वाट मोकळी आहे. संगणक असलेली खोली आणि बिनचूक चालणारे हेडफोन प्रत्येक तालुक्यात देणे सोपे नाही. शिवाय आवाज झाकता येत नाही. उच्चारांतून गाव कळते, शाळा कळते, आईवडिलांची ऐपत कळते.

तरीही मी तोंडी परीक्षेच्याच बाजूने बोलेन. आपल्याकडे बारावीच्या इंग्रजीत ८० गुणांची लेखी आणि २० गुणांची तोंडी असते, ती ज्याच्या त्याच्या महाविद्यालयात होते, आणि तिचे गुण मुलांमधला फरक फारसा दाखवत नाहीत हे आम्ही सगळे शिक्षक जाणतो. मोजमाप म्हणून ती कच्ची आहे. पण तिच्यामुळे दरवर्षी काही मुले पहिल्यांदा एखाद्या मोठ्या माणसासमोर सलग दोन मिनिटे इंग्रजी बोलतात. घसा कोरडा पडतो, वाक्य अर्ध्यावर तुटते, ती पुन्हा सुरू करतात. जे परीक्षेत नाही ते वर्गातही नसते, हे चीनने आपल्याला मोठ्या प्रमाणावर दाखवून दिले आहे. म्हणून मोजायला अवघड असले तरी बोलणे परीक्षेत राहिलेच पाहिजे.

इंग्रजीचे वजनच कमी करावे, ही मागणी तिथे अधूनमधून उठते. २०१३ मध्ये बीजिंगने इंग्रजीचे गुण १५० वरून १०० वर आणण्याचा मसुदा मांडला होता, तो त्या रूपात अमलात आला नाही. २०२१ मध्ये शांघायने प्राथमिक वर्गांच्या सत्रान्त परीक्षेतून इंग्रजी वगळली, आणि त्याच वर्षी शालेय विषयांच्या नफ्यासाठी चालणाऱ्या शिकवण्यांवर देशभर बंधने आली. गाओकाओत इंग्रजीऐवजी रशियन, जपानी, जर्मन, फ्रेंच किंवा स्पॅनिश घेता येते. इंग्रजीत मागे पडलेली बरीच मुले अलीकडे उच्च माध्यमिक शाळेत आल्यावर जपानीकडे वळतात, कारण तिथे शून्यापासून सुरुवात करता येते आणि चिनी लिपीची ओळख उपयोगी पडते. मुलांवरचा भार हलका व्हावा असे मलाही वाटते. पण शाळेने इंग्रजी सैल सोडली की ज्यांच्या घरी पैसा आहे ती मुले ती बाहेरून शिकतातच, आणि ज्याला शाळेशिवाय दुसरी जागा नाही तोच मागे राहतो. महाराष्ट्रात २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणली गेली तेव्हा वादाच्या दोन्ही बाजूंना ही गोष्ट पुरती ठाऊक होती.

२०२३ च्या राष्ट्रीय प्रश्नपत्रिकेतली अपुरी गोष्ट अशाच एका मुलाची होती. कुटुंब ब्राझीलहून आलेले, इंग्रजी ही दुसरी भाषा आणि लिहिणे जिवावर येणारे. समाजशास्त्राचे शिक्षक त्याला लेखनस्पर्धेत भाग घ्यायला सांगतात, कारण तो गोष्टी फार छान सांगतो. तो नाही नाही म्हणत अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातल्या पॉल रिव्हिअरच्या मध्यरात्रीच्या दौडीवर लिहायला बसतो आणि ती हकिकत घोड्याच्या तोंडून सांगतो. पुढच्या दोन परिच्छेदांची सुरुवात दिलेली आहे. काही आठवड्यांनी बातमी येते, आणि बक्षीस समारंभानंतर तो शिक्षकांच्या खोलीत जातो.

हा उतारा मी माझ्या अकरावीच्या वर्गाला दिला. बहुतेकांनी शिक्षकांचे आभार मानले आणि कष्टाचे फळ मिळाले असे लिहिले. एका मुलीने लिहिले की शिक्षक म्हणाले, आता हीच गोष्ट मला तुझ्या घरच्या भाषेत सांग, आणि मुलाने ती पोर्तुगीजमध्ये सांगितली. शिक्षकांना एक शब्द कळला नाही, पण घोडा कुठे धापा टाकतो ते त्यांनी बरोबर ओळखले. तिच्या वाक्यांत काळाच्या चुका होत्या, दोन ठिकाणी क्रियापदच नव्हते आणि शब्दसंख्याही कमी भरली होती. मी २५ पैकी २१ गुण दिले. तेच पान मी एका अनुभवी सहकाऱ्यांना माझे गुण न दाखवता दिले, त्यांनी १४ दिले. आम्ही दोघांनी आपापली कारणे पुढे ठेवली. भाषेच्या परीक्षेत चुकीच्या क्रियापदाला किंमत नसेल तर परीक्षा कशाची, हा त्यांचा मुद्दा मला खोडता आला नाही. धापांचे ते वाक्य वर्गात दुसऱ्या कोणाला सुचले नव्हते, हा माझा मुद्दा त्यांनाही खोडता आला नाही. चीनमधल्या नियमाने हे पान तिसऱ्या परीक्षकाकडे गेले असते, आणि पुढच्या आठवड्यात ते आमच्या विभागातल्या तिसऱ्या शिक्षिकांना वाचायला द्यायचे आमचे ठरले आहे.